ओन्सेन मोजताना : उष्णतेने जागा होणाऱ्या रेट्रोट्रान्सपोझॉनच्या नोंदी, मार्च ते जून २०२४

वनस्पतीतल्या फिरत्या डीएनए घटकांचा आरएनए आरटी-क्यूपीसीआरने, म्हणजे आरएनएची डीएनए प्रत करून ती चक्रागणिक वाढवत, मोजायला जो कोणी पहिल्यांदा बसेल, त्याच्यासाठी या नोंदी ठेवल्या आहेत. मला कुठे, किती दिवस आणि किती पैसे लागले ते जसं घडलं तसं लिहिलंय. पुण्यातली साधी लॅब आहे, एक ग्रोथ चेंबर, एक क्यूपीसीआर मशीन, आणि मशीनच्या वेळा आठवडाभर आधी वहीत लिहून घ्याव्या लागतात.

घटक निवडला ओन्सेन. अरबिडॉप्सिस या प्रयोगांसाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या छोट्या रोपातला हा कोपिया गटातला रेट्रोट्रान्सपोझॉन, म्हणजे आरएनएवरून स्वतःच्या नव्या डीएनए प्रती करणारा फिरता घटक. कोल-० या नेहमीच्या वाणात त्याच्या ८ पूर्ण प्रती आहेत. एरवी गप्प असतो, रोपं ३७ अंशांवर ठेवली की त्याचं ट्रान्सक्रिप्शन, म्हणजे आरएनए बनणं, सुरू होतं, कारण त्याच्या दोन्ही टोकांना असलेल्या सारख्या क्रमात, म्हणजे एलटीआरमध्येच, उष्णतेला ओळखणारे क्रम आहेत आणि झाडाची स्वतःची उष्णतेला प्रतिसाद देणारी प्रथिनं, हीट शॉक फॅक्टर, तिथे येऊन बसतात. ओन्सेन म्हणजे जपानीत गरम पाण्याचा झरा. राजापूरजवळचं उन्हाळे, दापोलीकडचं उन्हवरे, पालीजवळचं उन्हेरे, या आपल्या गावांच्या नावांतही तेच ऊन पाणी आहे. म्हणून हे नाव मला पहिल्या दिवसापासून जवळचं वाटलं.

मक्यासारख्या पिकात अशा घटकांच्या हजारो प्रती असतात, तिथे नवख्याने सुरुवात करू नये. ८ प्रती हिशेबात बसतात. त्या ८ मुळेच पुढची चूक पकडता आली.

४ मार्च, सोमवार

कोल-० आणि एनआरपीडी१ म्युटंट, दोन्हीचं बी निर्जंतुक करून अर्ध्या ताकदीच्या एमएस माध्यमाच्या प्लेटांवर पेरलं. एनआरपीडी१ मध्ये पोल-४ हे एन्झाइम काम करत नाही, त्यामुळे रेट्रोट्रान्सपोझॉनला दाबणारे छोटे आरएनए तयार होत नाहीत. प्लेटा तीन दिवस ४ अंशांवर अंधारात. ७ तारखेला चेंबरमध्ये, २१ अंश, १६ तास उजेड.

१५ ते १७ मार्च

रोपं आठवड्याची झाली. अर्ध्या प्लेटा २४ तास ६ अंशांवर आणि मग २४ तास ३७ अंशांवर. उरलेल्या ६ अंशांवरून परत २१ वर. रविवारी दुपारी दोन्हीकडची रोपं द्रव नायट्रोजनमध्ये टाकली. ३७ वाल्या प्लेटांच्या झाकणाला आतून एवढं पाणी सुटलं होतं की काही रोपं त्यात बुडाली होती. पुढच्या वेळेपासून प्लेट उलटी न ठेवता सरळ ठेवली आणि टेपऐवजी कागदी पट्टी लावली.

१९ मार्च

ट्रायझॉल या द्रावणाने रोपांच्या गोठलेल्या चुऱ्यातून आरएनए काढला. इथे दोन चुका केल्या, दुसरी फार महागात पडली.

पहिली, एका नळीत २५० मिलिग्रॅमच्या वर चुरा टाकला. जास्त माल, जास्त आरएनए, असं वाटलं होतं. नॅनोड्रॉपवर २६०/२३० चं गुणोत्तर, म्हणजे शुद्धतेचा आकडा (स्वच्छ आरएनएत २ च्या आसपास), ०.६ आलं. १०० मिलिग्रॅमवर आले आणि ७५ टक्के इथेनॉलने एकाऐवजी दोनदा धुतलं, तेव्हा १.९ झालं.

दुसरी चूक अशी. क्लोरोफॉर्म घालून फिरवल्यावर नळीत वर पारदर्शक पाणी, खाली गुलाबी थर आणि मध्ये पांढरट साय दिसते. आरएनए वरच्या पाण्यात असतो, डीएनए त्या सायीत आणि खाली. मी पिपेटचं टोक सायीला टेकेपर्यंत वरचं पाणी ओढून घेतलं, थेंबही वाया जाऊ नये म्हणून. टोकाला सायीचा एक बारीक तंतू लागलेला मला दिसला होता. तो झटकून मी पुढे गेले. आता मी वरच्या थराचा चौथा हिस्सा सरळ सोडून देते.

२२ मार्च

कोल-० ची पहिली प्लेट चालवली. ओन्सेनची तुलना ॲक्टिन-२ या स्थिर मानलेल्या जीनशी. सीटी म्हणजे कितव्या चक्राला सिग्नल उमटला तो आकडा. आकडा लहान तेवढा माल जास्त, आणि एका चक्राचा फरक म्हणजे दुप्पट.

ओन्सेन : कंट्रोल २७.६, उष्णता १८.२.
ॲक्टिन-२ : कंट्रोल १७.९, उष्णता १९.६.

हिशेब केला तर उष्णतेने सुमारे २२०० पट वाढ. नो-आरटी नळ्या, म्हणजे आरएनएची डीएनए प्रत करणारं रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज न घातलेल्या नळ्या (यात सिग्नल आला तर तो भेसळीच्या डीएनएचा), ॲक्टिनच्या प्रायमरवर (हवा तो क्रम पकडणारी छोट्या डीएनए तुकड्यांची जोडी) चालवल्या होत्या. त्यात ४० चक्रांपर्यंत काहीच नाही. म्हणजे आरएनए स्वच्छ आहे असं मी वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

२८ मार्च

लॅब मीटिंगमध्ये आलेख दाखवला. आमच्याकडच्या सीनियर ताईंनी एकच प्रश्न विचारला, "नो-आरटी ओन्सेनच्या प्रायमरवर चालवलंस का?"

"नाही ताई, ॲक्टिनवर चालवलं. स्वच्छ आहे."

"ॲक्टिनची जोडी कुठे बसते?"

मी प्रायमरचा कागद काढला. ॲक्टिनचा एक प्रायमर दोन एक्झॉनच्या सांध्यावर बसतो. एक्झॉन म्हणजे जीनचे आरएनएत राहणारे भाग, इंट्रॉन म्हणजे त्यांच्यामधले, आरएनएतून कापले जाणारे. म्हणजे इंट्रॉन असलेल्या जीनोमिक डीएनएवर तो चिकटणारच नाही. आरएनएत डीएनए कितीही असला तरी ही जोडी गप्पच राहणार. ओन्सेनच्या ज्या भागावर माझी जोडी होती तिथे इंट्रॉन नाही, त्यामुळे आरएनए आणि डीएनए यांत तिला काहीच फरक कळत नाही. जीनसाठी जी खबरदारी चांगली, तीच इथे डोळ्यांवर पट्टी बांधते. रेट्रोट्रान्सपोझॉन मोजणाऱ्या प्रत्येकाने हे पहिल्या दिवशीच कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवावं.

२ एप्रिल

ॲक्टिनची नवी जोडी मागवली, दोन्ही प्रायमर एकाच एक्झॉनमध्ये, म्हणजे ती डीएनए पकडेल. जोडीचा खर्च ३८० रुपये. पातळ केलेल्या मालिकेवर दोन्ही जोड्या तपासल्या, दोन्हींची कार्यक्षमता जवळपास १०० टक्के. मग त्याच जुन्या आरएनएच्या नो-आरटी नळ्या चालवल्या.

कंट्रोल : ॲक्टिन ३१.१, ओन्सेन २८.१.
उष्णता : ॲक्टिन ३१.०, ओन्सेन २४.६.

हे चार आकडे मी कितीतरी वेळ बघत बसले. कंट्रोलमध्ये दोघांत बरोबर ३ चक्रांचा फरक. ३ चक्रं म्हणजे ८ पट. ॲक्टिनची एक प्रत, ओन्सेनच्या आठ. म्हणजे नळीत सरळसरळ जीनोम आहे, आणि आरटी घातलेल्या नळीतल्या २७.६ च्या सिग्नलपैकी ७० टक्के डीएनएचाच.

पण उष्णतेच्या नळीत ॲक्टिन तेवढंच, म्हणजे जीनोमची भेसळ तेवढीच, आणि ओन्सेन मात्र साडेतीन चक्रं आधी. फरक ६.४ चक्रांचा, म्हणजे आठाच्या जागी ८४ प्रती! आधी वाटलं प्लेट भरताना हात चुकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा चालवली, तेच.

मग इतो आणि सहकाऱ्यांचा २०११ चा नेचरमधला शोधनिबंध पुन्हा उघडला. त्यात स्पष्ट आहे, उष्णतेनंतर ओन्सेन फक्त आरएनए करून थांबत नाही, त्या आरएनएवरून गुणसूत्राबाहेरच्या डीएनए प्रतीही तयार होतात. मी हे महिनाभर आधी वाचलं होतं आणि अधोरेखितही केलं होतं. माझ्या नळीशी त्याचा संबंध मात्र जोडला नव्हता. उष्णता दिलेल्या झाडात ओन्सेनचा डीएनएच वाढलेला असतो. म्हणून कंट्रोलच्या एका नळीवर नो-आरटी तपासून सगळ्या नमुन्यांना तीच वजाबाकी लावणं इथे चुकीचं आहे. प्रत्येक नमुन्याची नो-आरटी वेगळी, आणि ती त्या घटकाच्याच प्रायमरवर. दुसरा मार्ग मला तरी सापडलेला नाही.

५ ते १६ एप्रिल

डीएनेजचे, म्हणजे डीएनए तोडणाऱ्या एन्झाइमचे, दिवस. पहिल्यांदा नळीतच डीएनेज घातलं, ३७ अंशांवर अर्धा तास, मग एन्झाइम मारायला ७५ अंशांवर १० मिनिटं. मॅग्नेशियम पकडून ठेवणाऱ्या ईडीटीएची छोटी बाटली संपली होती, आणि "दहा मिनिटांनी काय होतंय" म्हणून तशीच गरम केली. डीएनेजच्या बफरमध्ये मॅग्नेशियम असतं, आणि गरम केल्यावर मॅग्नेशियम आरएनएचे तुकडे करतं. जेलवर दोन ठळक पट्ट्यांऐवजी खालपर्यंत ओघळ दिसला. चार नमुने गेले, म्हणजे त्या खेपेच्या चुऱ्यापैकी अर्धा.

९ ला गुढीपाडवा, लॅब बंद. १० ला उरलेला चुरा काढला. यावेळी दोन फेऱ्या केल्या, आधी एक डीएनेज, मग ताजं एन्झाइम घालून दुसरं, आणि गरम करण्याऐवजी कॉलमवर स्वच्छ केलं. कॉलमचं किट १४,५०० रुपयांचं, पण ५० नमुने होतात. सुमारे तिसरा हिस्सा आरएनए कॉलममध्ये राहतो, तेवढा धरूनच चुरा घ्यावा.

१६ तारखेची प्लेट : कंट्रोल ओन्सेन २९.५, त्याची नो-आरटी ३६.८. उष्णता १८.३, नो-आरटी ३५.२. आता ही मोजणी आरएनएची आहे असं म्हणता येतं.

१९ एप्रिल

हिशेब पुन्हा मांडला तर वाढ २२०० वरून ७६०० पटींवर गेली. कंट्रोलमधला डीएनएचा खोटा सिग्नल गेल्यामुळे वाढणं बरोबर होतं, पण एवढी? ॲक्टिन-२ कडे बघितलं. सारखाच आरएनए घालूनही उष्णतेत तो १.७ चक्रांनी मागे पडतो. म्हणजे ज्या जीनला आपण स्थिर मानून भागतोय तोच ३७ अंशांवर खाली जातोय. पीपी२ए हा दुसरा संदर्भ जीन चालवला : २३.१ आणि २३.३. त्याने भागल्यावर वाढ सुमारे २७०० पट.

याचा मला अजूनही धक्का बसतो. पहिलं उत्तर २२००, शेवटचं २७००, जवळजवळ सारखंच. डीएनएची भेसळ वाढ कमी दाखवत होती, ॲक्टिन ती जास्त दाखवत होता, आणि दोन चुकांनी एकमेकींना झाकलं. आकडा पटण्यासारखा आला म्हणून मी थांबले असते, तर एनआरपीडी१ च्या नमुन्यात, जिथे डीएनए प्रती याहून जास्त असतात, तिथे हे झाकण उडालं असतं आणि कारण शोधायला जागाच सापडली नसती.

२२ एप्रिल ते ४ मे : वाया गेलेली खेप

तीन स्वतंत्र खेपा हव्यात म्हणून दुसरी खेप चेंबरमध्ये ठेवली. २९ ला ६ अंश, ३० ला ३७ अंश, १ मे ला, महाराष्ट्र दिनाच्या सुटीत, शांतपणे नमुने घेतले. ४ मे च्या प्लेटवर कंट्रोल ओन्सेन २३.६.

पहिला संशय डीएनएवर. नो-आरटी ३७. म्हणजे आरएनए खरा आहे. दुसरा संशय नळ्यांची अदलाबदल झाली असेल यावर. पण उष्णतेच्या नळ्या १८ लाच होत्या, त्यामुळे अदलाबदलीने हे होत नाही. मग एचएसएफए२ या हीट शॉक जीनचे प्रायमर लावले, आणि कंट्रोलमध्ये तोही नेहमीपेक्षा वर. कंट्रोलची रोपं कुठेतरी तापली होती.

चेंबरचा दरवाजा उघडून उभी होते तेव्हा लॅबचे मामा म्हणाले, "ताई, शनिवारी रात्री लाइट गेली होती. रविवारी संध्याकाळी मी आलो तर आतून गरम वाफ येत होती, मग मी ते मागचं बटण दाबलं."

चेंबरची नोंद काढली. वीज परत आल्यावर दिवे टायमरप्रमाणे सकाळी लागले, पण कॉम्प्रेसर ट्रिप होऊन बंदच राहिला. बंद पेटी, आत दिवे, बाहेर एप्रिलअखेरचं पुणं. आतलं तापमान ११ तास ३४ अंशांच्या वर, सर्वात जास्त ३६.४. सोमवारी सकाळी मी आले तेव्हा पडद्यावर २१ होतं. मामांनी बटण दाबलं म्हणून निदान रोपं वाचली, आणि त्यांनी सांगितलं म्हणून मला कारण कळलं. शनिवार-रविवारी काय झालं हे मी त्यांना सोमवारीच विचारायला हवं होतं.

वाचवता येण्यासारखं काही आहे का बघितलं. नाही. उष्णतेनंतर ओन्सेनचा आरएनए आणि बाहेरचा डीएनए हळूहळू उतरतात, पूर्ण नाहीसे व्हायला २० ते ३० दिवस लागतात. त्याच रोपांना आठवडाभर आराम देऊन पुन्हा कंट्रोल म्हणून वापरता येत नाही. सगळ्या प्लेटा ऑटोक्लेव्हमध्ये गेल्या. दोन आठवडे आणि सुमारे ४,००० रुपयांचं सामान. ६५० रुपयांचा कमाल-किमान तापमान दाखवणारा छोटा थर्मामीटर आणला आणि प्लेटांच्या मधोमध ठेवला. रोज सकाळी त्याचे दोन आकडे वहीत लिहिते. सर्वात जास्त आकडा २५ च्या वर दिसला की ती खेप वापरायची नाही.

६ ते २४ मे

दोन्ही वाणांची नवी खेप. १८ मे ला नमुने, २४ ला प्लेट. थर्मामीटरची कमाल २३.१.

कोल-० पुन्हा २५०० पटींच्या आसपास. एनआरपीडी१ उष्णतेशिवाय तितकाच गप्प, २९.३. म्हणजे छोटे आरएनए नाहीत म्हणून ओन्सेन आपोआप बोलत नाही, उष्णता लागतेच. उष्णतेत मात्र १५.९, कोल-० च्या सुमारे ५ पट. दोन फेऱ्या डीएनेज करूनही त्याची नो-आरटी ३१.८, कोल-० पेक्षा बरीच आधी, कारण बाहेरच्या प्रतीच जास्त. १५.९ शी तुलना केली तर ही भेसळ नगण्य आहे, तरी आकडा वहीत लिहून ठेवला.

२७ मे ते ७ जून

आता २९.५ च्या मागे लागले. उष्णता नसताना दिसणारा हा बारीक सिग्नल ओन्सेनच्या स्वतःच्या एलटीआरमधून सुरू होतो, की शेजारच्या जीनचं ट्रान्सक्रिप्शन न थांबता ओन्सेनमधून वाहत जातं? दोन्हींत आतल्या प्रायमरला आरएनए सारखाच दिसतो.

माझी कल्पना अशी होती की ट्रान्सक्रिप्ट एलटीआरच्या मधल्या आर भागापासून सुरू होतो, म्हणजे त्याच्या आधीचा यू३ भाग त्यात नसणार. यू३ मध्ये जोडी बसवायची, सिग्नल आला तर तो शेजारचा. जोडी मागवली, चालवली, आणि उष्णतेच्या नमुन्यात सिग्नल १८.९! दोन दिवस गोंधळात गेले. मग कागदावर पूर्ण घटक काढला. डावीकडे एक एलटीआर, उजवीकडे तसाच दुसरा. ट्रान्सक्रिप्ट डाव्या आर पासून निघतो आणि उजव्या आर पर्यंत जातो, म्हणजे उजवीकडचा यू३ त्यात संपूर्ण येतो. डावा आणि उजवा यू३ जवळजवळ अक्षर न् अक्षर सारखे, प्रायमरला दोन्ही एकच. ही जोडी या प्रश्नासाठी निरुपयोगी आहे. पेन्सिलीने चित्र आधी काढलं असतं तर दहा दिवस वाचले असते.

बरोबर मार्ग असा की एक प्रायमर घटकाच्या बाहेर, शेजारच्या डीएनएत, आणि दुसरा एलटीआरच्या सुरुवातीला. सीमेवरून वाहत आलेला आरएनएच ही जोडी पकडते. प्रत्येक प्रतीचा शेजार वेगळा, म्हणून प्रत्येकीला वेगळा बाहेरचा प्रायमर. तीन प्रतींसाठी मागवले. यू३ ची नळी फ्रीझरमध्ये ठेवलीय, वर लाल शाईने कशासाठी वापरू नये ते लिहून.

१४ जून

खर्चाची बेरीज केली. आतापर्यंत ४१,००० रुपये, त्यातले सुमारे १७,००० चुकांचे किंवा चुका निस्तरण्याचे. १५ आठवड्यांपैकी ६ गेले.

२१ जून

तीन सीमांची प्लेट. पहिल्या दोन प्रतींवर कंट्रोलमध्ये ३६ च्या पुढे आणि उष्णतेत ३५, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. तिसरीवर कंट्रोल ३१.२, उष्णता ३०.९. नो-आरटी तिन्हीकडे रिकाम्या. उष्णता असो-नसो, तिसऱ्या प्रतीत शेजारून सारखाच आरएनए वाहत येतोय. आतल्या जोडीच्या २९.५ शी लावून बघितलं तर कंट्रोलच्या त्या बारीक सिग्नलचा जवळपास तिसरा हिस्सा या एका सीमेवरून येतो. उष्णतेच्या १८.३ पुढे तो सहा हजारांत एक.

उरलेल्या पाच सीमांचे प्रायमर आज मागवले, २१०० रुपये, दहा दिवसांत येतील. चेंबरमध्ये तिसरी खेप आहे. आज सकाळी थर्मामीटरवर कमाल २२.४, किमान २०.६.